फौजदार जगदेवला नाही, मनोहरला

मनोहर, मी तुझ्या मयतीला आले नाही. काम होतं, तब्येत बरी नव्हती, गाडी चुकली, असलं काही नव्हतं. यायचं नव्हतं म्हणून आले नाही. वामन आला होता. त्याला मी अडवलं नाही. अडवून तो थांबणारा नाही हे तुलाही माहीत होतं. परत येऊन त्याने अंगणातच आंघोळ केली आणि ओल्या डोक्याने दारात बसला.

"त्याच्या छातीवर टोपी ठेवली होती वो, कुंदे."

"कोणती?"

"तेच. फौजदाराची."

त्याला रडू येत होतं आणि मला राग. आमच्या संसारात ही वाटणी जुनीच आहे.

तुझ्याविषयी सगळीकडे लिहून येतंय. फौजदार जगदेव गेला, सरहद्दीचा वाघ गेला, अन्यायाचा कर्दनकाळ गेला. मी ते वाचते आणि खाली ठेवते. जगदेव मला फार उशिरा भेटला. मी ओळखते तो मनोहर झाडीपट्टीच्या नाटकातला नायक होता, मी त्याची नायिका होते आणि माझा नवरा वामन त्याचा खलनायक. धानाची कापणी उरकली की वडशाहून आमची गाडी निघायची ती थेट होळीपर्यंत. आज आरमोरीकडे, उद्या सिंदेवाहीकडे, जिथे बैलांच्या शर्यतीचा शंकरपट तिथे नाटक. रात्रभर तू वामनशी लढायचास, उजाडता उजाडता त्याला मारायचास आणि मग दोघं एकाच बिडीवर टमरेल घेऊन तळ्याकडे जायचात. हा मनोहर माझा. त्याच्याशीच मला भांडायचं आहे. त्या दुसऱ्याशी माझं काही बोलणं नाही.

आधी एक चांगलं सांगून टाकते, म्हणजे मग मला मोकळेपणी वाईट बोलता येईल.

मी नाटकात आले तेव्हा आमच्याकडे नायिका नागपूरहून यायच्या. गावचीच पोरगी स्टेजवर उभी राहते म्हणजे ती सगळ्यांचीच, असं समजणारे पुष्कळ होते. एका गावात नाटक संपल्यावर तिथला एक बडा माणूस दारू पिऊन आमच्या कनातीत घुसला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, "हिले आमच्या घरी जेवाले पाठवा." वामन, तेव्हा तो माझा कोणीच नव्हता, काठी शोधायला पळाला. बाकीचे खाली बघायला लागले. तू राजाच्या वेशात होतास. अर्धा मुकुट उतरलेला, ओठावर डिंकाने चिकटवलेली जाड मिशी. तू त्याच्यासमोर पेटी सरकवलीस.

"बसा भाऊ. माही एवढी मिशी काढून द्या. निघूनच नाई राह्यली. दुखून राह्यलं ना."

तो बसला. तू त्याच्या हातात खोबरेल तेल दिलंस आणि चेहरा पुढे केलास. तो एक केस ओढायचा, तू बोंबलायचास. "हळू ना भाऊ, राजा हाय मी!" तो हसायला लागला. मग कनातीतले सगळे हसायला लागले. मिशी निघेपर्यंत लख्ख उजाडलं होतं, त्याची पोरं त्याला शोधत आली आणि खाली मान घालून घेऊन गेली. तुझा ओठ दोन दिवस सुजलेला होता. त्या सुजलेल्या ओठाने तू मला म्हणालास, "कुंदे, लगीन करशील तर व्हिलनसंग कर. हिरो लोकायचा असते, व्हिलन घरचा."

मी ऐकलं. वामनशी लग्न केलं. त्याबद्दल तुझे उपकार आहेत, आणि ते मी कधी नाकारले नाहीत. शूर माणूस म्हटलं की अजूनही मला तो तेलकट, बोंबलणारा, अर्धी मिशी उरलेला राजाच दिसतो. म्हणूनच पुढे तू जे झालास ते मला बघवलं नाही.

मुंबईहून तो टीव्ही सिरियलचा दिग्दर्शक आला आणि जिवतीचे डोंगर त्याच्या नजरेत भरले. उघडे, खडकाळ, उन्हाने करपलेले. "एकदम परदेशी वाटतं," म्हणाला. त्या खडकात कापूस आणि ज्वारी काढणाऱ्याला काय वाटतं ते त्याला विचारायचं नव्हतं. त्याला परदेशी सिनेमात असतो तसला फौजदार हवा होता. एकटा. कमी बोलणारा. डोक्यावर रुंद काठाची टोपी, पायात टाचांचे बूट, कमरेवर खाली लोंबणारं पिस्तूल. गावात येणार, रस्त्याच्या मधोमध उभा राहणार, गुंडाच्या आधी गोळी झाडणार आणि घोड्यावरून निघून जाणार. आपल्याकडे फौजदार कधी घोड्यावरून आला होता रे? घोडाही चंद्रपूरहून वरातीचा आणलेला. शूटिंग पाहायला जमलेल्या पोट्ट्यांनी डबा वाजवला की तो पुढचे पाय उचलून नाचायचा आणि वर तू, चेहरा दगडासारखा ठेवून. मी इतकी हसले की दिग्दर्शकाने मला लांब बसायला सांगितलं. संध्याकाळी तूही हसलास. तेव्हा तुला हसता येत होतं.

तुझा तो डायलॉग तू मला आमच्या घरी, ताटावर बसून ऐकवला होतास. आठवतं? वामन भाकर मोडत होता, तू हात धुवायच्या आधीच उभा राहिलास, डोळे बारीक केलेस आणि म्हणालास, "कायदा दूर आहे. मी इथी आहे."

"कसा वाटला?"

"आवाज चांगला लागला. डायलॉग वाईट हाय."

"काऊन?"

"आपल्या जंगलात ज्याच्या ज्याच्या हाती बंदूक आली, त्यानं हेच म्हटलं. वर्दीतल्यानं म्हटलं, बिनवर्दीच्यानंबी म्हटलं. अन मेला तो तिसराच. मानूस दोघायच्या मधातला."

"अवो, ते सिरियल हाय."

"तुह्यासाठी."

तू चिडलास. ताट सरकवून म्हणालास, "तुले फक्त वाकडंच दिसते. 'इथी' आयकला का तू? टीव्हीवर आजवर आपला शब्द कोन बोलला? नोकर, नाईतर जोकर. आता हिरो बोलून राह्यला, 'इथी'."

ते खरं होतं. पहिला भाग लागला तेव्हा आमच्या आळीतल्या बायका टीव्हीसमोर दाटीवाटीने बसल्या होत्या. तू 'इथी' म्हणालास आणि त्या एकमेकींना चिमटे काढायला लागल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. पण वाक्यात एकच शब्द आपला असला म्हणून सगळं वाक्य आपलं होत नाही, मनोहर. हे मला तुला सांगायचं होतं. तू ऐकायला थांबला नाहीस, तुला दुसऱ्या दिवशी जिवतीला पोचायचं होतं.

मग तू कोणाचाच राहिला नाहीस. मोहर्लीच्या गेटवर जिप्सीवाले तुझ्यासारख्या टोप्या घालून पर्यटकांना वाघ दाखवायला लागले. चंद्रपुरात ऑटोच्या मागे तुझा फोटो. गणपतीत, दहीहंडीत, दुकानाच्या उद्घाटनाला, सगळीकडे तू पूर्ण वेशात जायचास आणि लोक ओरडायचे, "साहेब, डायलॉग!" साहेब. तुला, ज्याला आम्ही मन्या म्हणायचो. खरे पोलीसही हसत सलाम ठोकायचे. तू आधी लाजायचास. नंतर हात टोपीकडे जायला लागला.

आणि तुला वामनची आठवण झाली. त्याबद्दल मी तुला दोष देणार होते, पण नाही देत. तुला खरंच वाटलं, जुन्या दोस्तालाही टीव्हीवर आणावं. त्याला भूमिका मिळाली पोरं पळवणाऱ्याची.

स्टेजवर वामनच्या मिशा कानापर्यंत असायच्या आणि हसणं शेवटच्या रांगेतल्या म्हाताऱ्याला जागं करायचं. लोक त्याला शिव्या घालायचे, बाया बोटं मोडायच्या आणि सकाळी त्याच बाया त्याला चहा पाजून म्हणायच्या, "वामनभाऊ, एक डाव हसून दाखवा ना." कोणाचा घोटाळा होत नव्हता. टीव्हीवर दिग्दर्शक म्हणाला, मिशा नकोत, हसू नका, काही करूच नका, तुम्ही आहात तसेच या. तर वामन त्याचा रोजचा शर्ट घालून, खांद्याला त्याचीच पिशवी लावून शाळेच्या फाटकाशी उभा राहिला आणि पोरांना गोळ्या वाटल्या. त्या भागाच्या शेवटी तू त्याला गावच्या चौकात लिंबाला बांधलंस आणि सगळ्यांसमोर गोळी घातलीस. पडद्यावरचं गाव टाळ्या वाजवत होतं. वामन घरी बसून बघत होता. म्हणाला, "मेलो चांगला ना?"

मी म्हटलं, "चांगला मेला." दुसरं काय म्हणणार?

पुढच्या उन्हाळ्यात फोनवर ते सुरू झालं. पोरं चोरणारी टोळी फिरते आहे, अनोळखी माणूस दिसला तर धरा. कोणी धाडलं, कुठून आलं, कोणालाच ठाऊक नाही, पण प्रत्येकाच्या फोनात होतं. तेंदूपत्त्याचे दिवस. माणसं पहाटेच जंगलात जायची, घरी पोरं आणि म्हातारी. भीती खरीच होती, तिला मी नावं ठेवत नाही.

वामनला नव्या नाटकासाठी एक लहान मुलगा हवा होता. स्पष्ट बोलणारा, न लाजणारा. कोणीतरी मूल तालुक्यातल्या एका गावचं पोरगं सुचवलं. गावाचं नाव मी लिहीत नाही. वामन दुपारी तिथे उतरला आणि शाळेपाशी खेळणाऱ्या पोरांना विचारायला लागला, गाणं कोणाला येतं, बोलून कोण दाखवतं. रोजचा शर्ट. खांद्याला पिशवी.

पुढचं मी वामनकडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं आहे, कारण त्याला एका दमात सांगता येत नाही. एका पोराने ओरडून सांगितलं, टीव्हीतला आला. माणसं जमली. तो हसून म्हणत होता, "अरे बापहो, मी नट हाय. नाटकवाला." ते म्हणत होते, चोर असंच म्हणतो. तेवढ्यात एका तरुणाला आठवलं की त्याच्याकडे तुझा नंबर आहे. तू त्यांच्या मंडळाच्या कार्यक्रमाला गेला होतास, तेव्हाचा. त्याने तुला फोन लावला. चेहरे दिसतात तो, व्हिडिओचा फोन. आणि तू उचललास. मोहर्लीच्या कुठल्याशा हॉटेलात मित्रांबरोबर जेवायला बसला होतास, डोक्यावर टोपी होती.

"साहेब, तुमच्या सिरियलमधला पोट्टे चोरनारा सापडला. हे पाहा."

त्याने फोन वामनसमोर धरला. वामनने हात जोडले. म्हणाला, "मनोहर, सांग ना रे यायले."

आणि तू हसलास. मागून कोणीतरी ओरडलं, डायलॉग, डायलॉग. तू डोळे बारीक केलेस.

"धरून ठेवा त्याले. कायदा दूर आहे. मी इथी आहे."

फोन बंद झाला.

मनोहर, वामन म्हणतो की त्याआधी त्यांनी त्याला फक्त ढकललं होतं. त्या गर्दीत दोन-चार माणसं अशीही होती जी म्हणत होती, पोलीस पाटलाला येऊ द्या. तुझ्यानंतर ती बोलली नाहीत. साहेबानेच सांगितल्यावर कोण बोलणार?

त्याचा जबडा मोडला. उजव्या कानाचा पडदा गेला. हाताची बोटं अजून सरळ होत नाहीत. आणि तो मेला नाही ते दोन माणसांमुळे, ज्यांचा तुझ्या कुठल्याच भागात पत्ता नव्हता. एक म्हातारी, मोहाच्या झाडाखालचं तिचं घर, गलका ऐकून बाहेर आली आणि वामनच्या अंगावर आडवीच पडली. "अरे मुडद्यांनो, हा वामन हाय! नाटकातला कंस! माह्या घरी जेवला हाय हा!" तिने त्याला मिशांशिवाय ओळखलं. टीव्ही तिच्या घरात नव्हता. दुसरा एक हवालदार. पोट सुटलेला, स्कूटरवर आला, एकटाच, कारण जीप कुठेतरी दुसरीकडे गेली होती. त्याने गोळी झाडली नाही, डायलॉग मारला नाही. "सरका रे बापहो, सरका, सरका," म्हणत मध्ये शिरला, स्वतः दोन दणके खाल्ले आणि वामनचं डोकं मांडीवर घेऊन जीप येईपर्यंत तिथेच मातीत बसून राहिला. मला फोनही त्यानेच केला. आधी म्हणाला, "बाई, जिवंत हाय." मग बाकीचं सांगितलं. हा क्रम त्याला कोणी शिकवला होता, मला माहीत नाही. मी त्याला जन्मभर विसरणार नाही.

तू दवाखान्यात आलास. आलास हे खरं. टोपी, गॉगल, मागे दोन पोरं फोन उंच धरून. वऱ्हांड्यात नर्सा फोटोसाठी रांगेत उभ्या राहिल्या आणि तू प्रत्येकीबरोबर उभा राहिलास. मग आत. वामनच्या जबड्याला तारा बांधलेल्या, तोंड उघडत नव्हतं. तू त्याच्या पायाला हात लावून म्हणालास, "जल्दी बरा हो दोस्ता. पुढच्या सिझनमंदी तुहा रोल वाढवतो."

मी म्हटलं, "टोपी काढ. अन मंग बोल."

तू काढली नाहीस. म्हणालास, "कुंदे, मले वाटलं पोट्टे मस्करी करून राह्यले. नेट फाटत होतं. मले त्याचा चेहरा दिसलाच नाई."

"तुहा त्याले दिसला. तुही टोपी दिसली, तुह्या मागचे लोक दिसले, ताटातलं मटन दिसलं. अन त्याचा तेवढा तुले नाई दिसला?"

"आईची शपथ, नाई दिसला."

मी तुला बाहेर काढलं. वऱ्हांड्यातल्या लोकांना वाटलं ही कोण वेडी, साहेबांवर ओरडते आहे.

त्यानंतर मी तुला फोन करून फार थोडं मागितलं. टीव्हीवर येऊन सांग की तो नट आहे, चोर नाही. सांग की गर्दीने कोणाला मारू नये. आणि तो डायलॉग बंद कर. तू म्हणालास, चॅनलवाले ऐकत नाहीत. तू म्हणालास, जाहीर बोललो तर केस माझ्यावर येईल. तू म्हणालास, माझं पोट आहे त्याच्यावर. एकदाही म्हणाला नाहीस की चुकलं. शेवटी तू माझे फोन घेणं बंद केलंस आणि त्याच आठवड्यात गडचिरोलीच्या कुठल्याशा मैदानात हजारो लोकांसमोर तोच डायलॉग मारलास. त्याचा व्हिडिओ मला पाठवणारे होतेच.

वामन स्टेजवर परत गेला नाही. बोलतो, पण शब्द घसरतात. ज्याच्या हसण्याने कनात हलायची त्याला पाणी पिताना हनुवटीला रुमाल धरावा लागतो. आणि एवढं होऊनही तो तुझा प्रत्येक भाग बघायचा. मी टीव्ही बंद केला तर शेजारी जायचा. "त्याचं काम पाहाले पाहिजे ना," म्हणायचा. तुम्हा नटांचं मला काही कळत नाही.

मग तू गेलास. गाडीत, चंद्रपूरच्या वाटेवर, छातीत कळ येऊन. ऐकलं तेव्हा मी हळद दळत होते. जातं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर काय झालं असतं माहीत नाही, म्हणून थांबवलं नाही.

तुझ्या शोकसभेला मात्र मी आले, वडशाच्या मंगल कार्यालयात, वामनने हट्ट धरला म्हणून. हार घातलेला फोटो जगदेवचा होता. तुझं नाव खाली, बारीक. एकजण उठून म्हणाला, त्यांनी आम्हाला न्याय म्हणजे काय ते शिकवलं. मी माझी चप्पल बघत बसले. मग वामन उठला. त्याचं नाव कोणी पुकारलं नव्हतं, तो आपणच गेला. माईकपाशी उभा राहून फार मेहनतीने बोलला. मला कळलं, कारण मला त्याचे शब्द ठाऊक आहेत. तो म्हणाला, "मनोहरच्या हातून मी किती डाव मेलो. पन त्यानं मले कधी लागू नाई देल्लं." लोकांना एक अक्षर कळलं नाही. हा कोण म्हातारा अडखळतो आहे, असं वाटून त्यांनी मध्येच टाळ्या वाजवल्या, म्हणजे तो खाली बसेल. तो बसला.

तिथे माझं डोकं फिरलं. मी गेले आणि माईक धरला. आधी त्याचं वाक्य जसंच्या तसं सांगितलं. मग म्हटलं, आता तो जे सांगत नाही ते मी सांगते. आणि तुझा तो फोन सांगितला. कोणी केला, काय दाखवलं, तू काय म्हणालास. मी ओरडले नाही. मला आवाज कसा लावायचा ते येतं. सभागृहात गोंधळ उडाला. "मेलेल्या मानसावर बोलाले लाज नाई वाटत का?" असं कोणीतरी म्हणालं आणि संयोजकाने माईक काढून घेतला. तुझी बायको शोभा पहिल्या रांगेत होती. तिने मान वर केली नाही.

घरी येताना एसटीत वामन खिडकीकडे तोंड करून बसला. उतरल्यावर म्हणाला, "मेलेला मानूस उत्तर देत नाई, कुंदे."

"जिता होता तवा कुठी देल्लं?"

त्याने माझ्याकडे पाठ फिरवली.

परवा दुपारी शोभा आली. एकटी. मला वाटलं, भांडायला आली, आणि खरं सांगते, मी तयार होते. तिने पाणी घेतलं, पेला खाली ठेवला आणि म्हणाली, "बाई, त्यायले दिसला होता."

"काय?"

"वामनभाऊचा चेहरा. फोनमंदी. साफ दिसला होता. तुमच्याशी खोटं बोलले ते."

वामन आत खाटेवर होता. तोही उठून दारात आला.

"मंग?" मी विचारलं.

"मले रडून सांगतलं त्यायनं. म्हणे, हात जोडून उभा वामन मी स्टेजवर इतक्या डाव पाह्यला, शोभा, की मले वाटलं तो नाटक करून राह्यला. मले वाटलं, पोट्ट्यायसंग मिळून माही गंमत करून राह्यला अन मी तिकडून डायलॉग द्याचा हाय. म्हणून देल्ला." ती थांबली. "तुमच्याकडे यायले निघत होते, बाई. वडशाच्या स्टँडवर गाडी बदलाले उतरत, चहा पेत अन परत येत. मी म्हणत होती, जा ना. तर म्हणत, कुंदा मारते."

मी काही बोलायच्या आत वामन हसला. ते पूर्वीचं हसणं नाही, अर्धं, एका बाजूने, रुमाल हनुवटीला लावून. पण हसला. म्हणाला, "बराबर हाय त्याचं. माह्यं हात जोडनं तसंच होतं. इतकं खरं." आणि मला दिसलं की त्याला बरं वाटतंय. बरं! मोडलेल्या जबड्याचा तो माणूस तुझ्या त्या घोटाळ्यावर खूश झाला, कारण त्यात त्याच्या कामाची तारीफ होती. तुम्ही दोघंही नट. एक मेलेला, एक जिवंत, आणि मध्ये मी.

शोभाला मी जेवायला वाढलं. ती जाताना रडली, मी नाही.

म्हणजे सगळं जंगल तू राखत होतास, गुंडांना चौकात उभं करत होतास आणि एका बाईला भीत होतास. भ्यायला पाहिजेच होतं. तू आला असतास तर मी तुला मारलंच असतं, मनोहर. चांगली तोंडावर, अख्ख्या आळीसमोर. मग घरात घेतलं असतं, पाट मांडला असता, गरम गरम वाढलं असतं आणि वामन तुझ्या बाजूला बसून, रुमाल धरून, तुझ्यासंग जेवला असता. तू ते मारणंही चुकवलंस आणि ते जेवणही.

वामन म्हणतो, आता तरी माफ कर. शोभा बोलली नाही, पण तिच्या डोळ्यांत तेच होतं. मी विचार करून पाहिला. ज्याला मारायचं राहून गेलं, त्याला माफ कसं करतात ते मला येत नाही.